छपरात खोचलेलं पत्र

कोंबड्याचं वर्ष (१९२१), पहिल्या महिन्याची विसावी तिथी
बोरूखोरं

इनबोक भाऊजींना,

पत्राच्या सुरुवातीला हवापाणी विचारायचं असतं. इथे थंडी आहे. तिथे उसुरी नदीपलीकडे, रशियनांच्या मुलुखात, याहून जास्त असणार. झालं हवापाणी.

तुमचं पत्र छुई गाडीवानाने परवा आणून दिलं. चार महिन्यांनी तुम्हाला घर आठवलं. तुम्ही जिवंत आहात हे वाचून मी आधी रडले आणि मग तुम्हाला शिव्या घातल्या, दोन्ही मनापासून.

घरी कोण कोण आहे, असं विचारलंत. कानावर आलंच असेल, तरी घरच्या माणसाने सांगायला हवं म्हणून सांगते. मामंजी गेले. तुमचे दादा गेले. दोघं एकाच दिवशी, नवव्या महिन्याच्या बाविसाव्या तिथीला. सकाळी जपानी पलटण डोंगरवाटेने उतरली. गावातले पुरुष, तेवीस जण, मळणीच्या कोठारात कोंडले आणि कोठार पेटवलं. मामंजींना कोठाराच्या दारात ढकलत होते तेव्हा ते म्हणाले, "अरे, धक्के कशाला देता? माझंच कोठार आहे, वाट माहीत आहे मला." तुमचे दादा त्यांचा हात धरून आत गेले. त्यांनी मागे वळून पाहिलं का, ते मला दिसलं नाही. मी तेव्हा तुमच्या बायकोला ओढत ओढ्याकडे पळत होते.

हो, तुमची बायको. भाऊजी, मुसानवाली पण गेली. नवव्या महिन्याच्या नवव्या तिथीला ती बाळंत झाली होती, म्हणजे पलटण आली तो चौदावा दिवस. ओली बाळंतीण, अनवाणी, दोन रात्री गोठलेल्या बोरूच्या बनात बसली. ताप चढला तो उतरलाच नाही. दहाव्या महिन्याच्या दुसऱ्या तिथीला गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती आणि शेवटपर्यंत मलाच रागवत होती, की वहिनी, तुम्ही बाळाला नीट धरत नाही.

बाळ आहे. मुलगा आहे. माझ्याजवळ आहे. राळ्याची पेज आणि शेजारणीचं उसनं दूध यावर वाढतोय. भूक लागली की सगळ्या वस्तीला कळतं.

तुम्हाला मुलगा झाल्याचं मी सांगितलं होतं, आठवतं? नसणारच आठवत. लढाईच्या तिसऱ्या दिवशी आम्ही बायका भाताचे मुटके घेऊन कड्यावर आलो होतो. नव्या वर्षाला जपून ठेवलेला तांदूळ होता तो. तुम्ही दगडाआड पालथे पडून बंदूक झाडत होतात, तोंड काळंठिक्कर. तुमचे हात मोकळे नव्हते म्हणून मीच मुटका तुमच्या तोंडात कोंबला आणि कानाशी ओरडले, "मुलगा झाला!" तुम्ही चावत चावत म्हणालात, "वहिनी, मीठ कमी आहे!" बंदुकीच्या आवाजाने तुमचे कान गेले होते, दुसरं काय.

चार पानांच्या पत्रात तीन पानं तुम्ही त्या सहा दिवसांच्या लढाईवर खर्च केलीत. उन्हाळ्यातली, दरीतली पहिली लढाई, मग ही दुसरी. किती जपानी पडले, कुठल्या टेकडीवरून कशी नाकेबंदी केली. वाचलं मी. अभिमान वाटला नाही असं नाही. सहा दिवस तोफा ऐकत होतो आम्ही, आणि मामंजी अंगणात उभे राहून प्रत्येक आवाजाला म्हणायचे, "हा आमच्या धाकट्याचा." जणू तोफा तुमच्याकडे होत्या.

तुम्ही विचारता, लढाई संपल्यावर प्यो मीठवाल्याच्या हाती एक चिठ्ठी पाठवली होती, ती मिळाली का. नाही. कुठलीही चिठ्ठी मिळाली नाही.

प्यो तुमच्या छावणीत मीठ विकायला आलाय आणि काही जणांना त्याचा संशय येतो, असं लिहिलंय. त्याचा काय संशय घ्यायचा? माप भरताना आत अंगठा धरतो, एवढीच त्या माणसाची आयुष्यभराची लबाडी. त्याला सोडा.

बाळ रडतंय.

तुमची थोरली वहिनी,
किल्जूवाली


तिसऱ्या महिन्याची दुसरी तिथी
बोरूखोरं

भाऊजी,

तुमचं दुसरं पत्र मिळालं. प्योला बांधून ठेवलंय हे वाचून हातातलं काम सुटलं.

तुम्ही म्हणता त्यावरून मला असं समजलं: लढाई जिंकून फौज उत्तरेला निघाली, मागे गावं उघडी पडणार, ज्या गावांनी मुटके पुरवले त्यांचा सूड घेतला जाणार, हे तुम्हाला कळलं होतं. म्हणून तुम्ही लिहिलं की आजच निघा, काही घेऊ नका, खिंड ओलांडून छुईच्या वाडीवर जा. प्योच्या हाती दिलं. आम्ही निघालो नाही. पाच दिवसांनी पलटण आली, आणि तीही नेमकी त्या डोंगरवाटेने, जी मीठवाल्यांखेरीज कुणाला ठाऊक नाही. म्हणून प्यो फितूर.

आणि प्यो म्हणतो, मी किल्जूवालीच्या कुंपणावर स्वतःच्या हाताने चिठ्ठी टांगली.

आणि मी म्हणते, मिळाली नाही.

भाऊजी, म्हातारा माणूस आहे. कुणाच्या तरी कुंपणावर टांगली असेल, आमचं समजून. सगळी कुंपणं काटक्यांचीच. किंवा वाऱ्याने उडाली असेल. त्या आठवड्यात वारं किती होतं तुम्हालाही माहीत आहे. शेळीने खाल्ली असेल. शिवाय दारावर तेव्हा बाळंतिणीचा दोर होता. गवताचा दोर, त्यात लाल मिरच्या आणि कोळसे खोवलेले. एकवीस दिवस परकं माणूस त्या दोराच्या आत येत नाही. तोही आला नसणार. मग कुठे ठेवली, कशी ठेवली, कुणी पाहिलंय? एवढ्यावरून कुणाला फितूर ठरवतात का?

डोंगरवाटेचं म्हणाल तर दोन वर्षं मीठ त्याच वाटेने येतंय. मिठाचे खडे सांडत सांडत येतंय. जपान्यांना डोळे नाहीत का?

तुमच्या पंचांना हे सांगा. गाव जळल्यावर आठव्या दिवशी प्यो आला. अंगावर सुतकाचे तागाचे कपडे, कारण त्याची आई उन्हाळ्यात गेली होती आणि आईबापाचं सुतक तिसऱ्या वर्षापर्यंत चालतं. पाठीवरच्या ओझ्याच्या लाकडी चौकटीवर अर्धं पोतं मीठ. भाजलेल्या माणसांच्या जखमा धुवायला मीठ नव्हतं आमच्याकडे. बायका पदर पसरून उभ्या राहिल्या, आणि त्या चिकट माणसाने माप काढलंच नाही. ओंजळीने वाटलं. पोतं रिकामं झाल्यावर झटकूनसुद्धा दिलं. सेजीन म्हातारी त्याला म्हणाली, "प्यो, आज अंगठा कुठे गेला तुझा?" तो म्हणाला, "आज थंडीने आखडलाय, आजी." त्या दिवशी वस्तीत तेवढंच काय ते हसू आलं. फितूर माणूस असं करतो का?

मग तो माझ्यापाशी आला. मी आमच्या घराच्या राखेत बसले होते. त्याने मला एक गोष्ट विचारली. काय विचारलं ते आता आठवत नाही.

तुमचा मुलगा आता पालथा पडतो. पडला की तुमच्यासारखाच फुशारकीने बघतो. तुम्ही लिहिलंत की परिस्थिती निवळली की त्याला घेऊन जाल. कुठे नेणार? तुमची फौज एका जागी महिनाभर टिकत नाही. मी इथे त्याच्यासाठी दूध मागत फिरते, तिथे कोण फिरणार आहे? एवढी घाई काय आहे?

प्योला सोडून द्या. त्याची बायको एकटी आहे.

किल्जूवाली


चौथ्या महिन्याची पहिली तिथी
बोरूखोरं

भाऊजी,

हे पत्र मी छुईच्या हातात देऊन त्याला सांगितलंय की वाटेत माल भरायचा नाही, थेट यायचं. माझी चांदीची कंकणं त्याला दिली आहेत. तुम्ही हे पत्र एकट्याने वाचू नका. पंचांसमोर वाचा, मोठ्याने वाचा.

तुम्ही लिहिलंत, माझी दोन्ही पत्रं बैठकीत प्योसमोर वाचून दाखवली. पहिल्यातलं चिठ्ठीपुरतंच वाचलं, तोवर तो ठाम होता. टांगली म्हणजे टांगली, म्हणत होता. दुसरं पत्र वाचलं, त्यात मी बाळ पालथं पडतं असं लिहिलं होतं, तेव्हा त्याने विचारलं, "म्हणजे पोर जगलं?" तुम्ही हो म्हणालात. त्यावर तो म्हणाला, "किल्जूवाली म्हणते तर मिळाली नसेल. माझ्याच हातून कुठेतरी पडली." आणि तुम्ही लिहिता की जबाब फिरवला यावरूनच त्याचा खोटेपणा उघडा पडला, निकाल या महिन्यात लागेल.

भाऊजी, तो खोटं बोलला ते आत्ता. आधी खरं बोलत होता.

चिठ्ठी मिळाली होती. सतराव्या तिथीला, दुपारच्या आधी. मीच घेतली.

आता जसं झालं तसं लिहिते. मधेच थांबले तर परत लिहायला बसायची नाही.

मी फाटकापाशी कोबी धूत होते. धाकटी जाऊ आत झोपली होती, बाळ नऊ दिवसांचं. प्यो आला आणि दोरापासून चार हात लांब उभा राहिला. सुतकाचे कपडे, तोंडावर सुतकातलं फडकं. एरवी लांबूनच ओरडत येणारा माणूस, त्या दिवशी आवाज नाही. मी म्हटलं, "प्योकाका, मीठ नको आज." तो म्हणाला, "मीठ नाही आणलं. तुझ्या दिराच्या फौजेतून आहे." त्याने दोराबाहेरच्या कुंपणावर एक घडी टांगली. उभी घडी, पाकीट नाही, जाडाभरडा पिवळा कागद, तागाच्या दोऱ्याने बांधलेला. माझ्या हाताला हात लागू दिला नाही. मी म्हटलं, "पाणी तरी प्या." तो म्हणाला, "नको, दोर आहे. लवकर वाचा, एवढंच सांगितलंय." आणि मान खाली घालून निघून गेला.

तुम्ही सांगा, भाऊजी. सुतकातला माणूस, उघडी घडी, तागाचा दोरा, दारातून पाणीही न पिता परत गेलेला. आपल्यात असं काय येतं? मरणाची चिठ्ठी येते. लढाईवरून आलेली. ती मी हातात धरली. मला वाटलं, तुम्ही गेलात.

मरणाची चिठ्ठी घरात नेत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. बाहेरच वाचतात आणि फाटकाच्या छपरात खोचतात. पण दारावर मिरच्यांचा दोर होता. दोर असताना मरण वाचायचं नाही. माझं दुसरं बाळ दोराच्या सातव्या दिवशी गेलं, कारण मयतीवरून आलेला एक पाहुणा चुकून आत आला होता. तुम्ही तेव्हा लहान होतात. मामंजी म्हणाले, असं काही नसतं. असेल नसेल, बाळ गेलं ते माझं. पहिलं तसंच गेलं, तिसरं पोटातच गेलं. आता घरात एक बाळ होतं, आणि ते वाचवायचं मी मनाशी ठरवलं होतं. आणि धाकटीला नवरा गेल्याचं कळलं असतं तर दूध आटलं असतं. हे सगळ्या बायका मानतात, मी एकटीच खुळी नाही.

म्हणून मी ती चिठ्ठी फाटकाच्या छपरात, गवतात, खोचली. दोर उतरला की वाचू, तिसाव्या तिथीला. मी एकटीने ठरवलं. मामंजींना सांगितलं नाही, यांना सांगितलं नाही. यांनी विचारलं, "प्यो आला होता का? हाक ऐकू आली नाही." मी म्हटलं, "मीठ घ्यायला सांगत होता, परत पाठवला." लिहिताना आता कळतंय की पहिलं खोटं यांच्याशीच बोलले.

पाच दिवस मी त्या फाटकाखालून ये-जा करत होते. पाच दिवस मी तुमच्या बायकोला बाळंतिणीचं समुद्रशेवाळाचं सार पाजलं आणि तुमच्या लहानपणीच्या खोड्या सांगून हसवलं. ती म्हणायची, "वहिनी, आज तुम्ही फारच गोड बोलताय. काय पाहिजे?" तुमच्या नावाने मी रडायचे, विहिरीवर पाणी भरताना, कुणी नसताना. मला वाटत होतं मी केवढं ओझं एकटीने उचललंय. मला माझंच कौतुक वाटत होतं, भाऊजी. हेही लिहिते, म्हणजे काही राहायला नको.

बाविसाव्या तिथीला पलटण आली तेव्हा सगळ्यात आधी फाटक पेटलं. चिठ्ठी न वाचलेलीच जळली.

प्योने मला राखेत बसलेली पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "वाचली नव्हतीस का ग?" मी म्हटलं, "दोर होता." त्याने त्या फाटकाच्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्यात निघून जा असं लिहिलं होतं. मला सांगायला हवं होतं तोंडाने. पण सुतकी तोंडाने बाळंतिणीच्या दारात बोलायचं नाही म्हणून मी बोललो नाही." तो स्वतःलाच दोष देत होता! असं म्हणायचं होतं की काका, तुमचं काही चुकलं नाही. मी नुसती बसून राहिले. तो गेला.

आता त्याने जबाब का फिरवला, हे तुमच्या पंचांना कळत नसेल तर मी सांगते. त्याला कळलं की पोर माझ्याकडे आहे. मी खोटी ठरले तर तुम्ही पोर माझ्याकडे ठेवणार नाही, आणि त्या पोराला दुसरं कुणी नाही, हे त्याने ओळखलं. मी तरी खोटं का बोलले? त्याच भीतीने. आणि लाजेने. मामंजी, हे, धाकटी, बाकी एकवीस पुरुष. या सगळ्यांना मी वाचवू शकले असते, हे कागदावर माझ्या हाताने कसं लिहायचं? "नाही मिळाली" हे दोनच शब्द होते. लिहायला किती सोपे गेले.

तुमच्यावरही माझा राग आहे, तो आजच सांगून टाकते. तुम्ही मोठ्या लढाया जिंकता आणि त्याची शिक्षा भोगायला आम्हाला मागे ठेवता. एवढी महत्त्वाची गोष्ट एका सुतकी म्हाताऱ्याच्या हाती, उघड्या कागदावर? एक माणूस सोबत पाठवता आला नसता? तुमच्याकडे सहाशे होते. पण तो राग वेगळा आणि हे वेगळं. चिठ्ठी मला मिळाली होती. प्यो निर्दोष आहे.

मुलाला न्यायचं असेल तर या आणि न्या. मी दारात आडवी येणार नाही. फक्त प्योला आधी सोडा.

किल्जूवाली


पाचव्या महिन्याची सव्विसावी तिथी
बोरूखोरं

भाऊजी,

तुमच्या चार ओळी मिळाल्या. छुईची गाडी दलदलीत नऊ दिवस रुतली होती, हे त्याने स्वतःच सांगितलं. कंकणं परत करत होता. मी घेतली नाहीत.

पहिली ओळ: तुमचं पत्र पोचायच्या आधीच निकाल अमलात आला होता. दुसरी: जे झालं ते युद्धात झालं, हे आपल्या दोघांतच राहू दे, पत्रं जाळून टाका. तिसरी: तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, मुलगा तुमच्याचजवळ राहू दे. चौथी: फौज आणखी उत्तरेला निघाली आहे.

म्हणजे तुम्ही मला माफ केलंत. एका ओळीत. आणि मुलगाही दिलात. ज्याच्यासाठी मी खोटं बोलले ते सगळं माझ्या पदरात पडलं. परवापासून तो माझ्या मांडीवर बसून माझी बोटं चावतोय आणि मला त्याच्याकडे धड पाहवत नाही.

दोघांत ठेवा म्हणालात. मी ठेवलं नाही. पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाळाला पाठीशी बांधून प्योच्या घरी गेले. दोन टेकड्या पलीकडे आहे. त्याची बायको अंगणात सोयाबीन निवडत होती. मला पाहून म्हणाली, "आलीस? बरं झालं. म्हाताऱ्याचा काही निरोप? पाच महिने झाले, मीठ विकतोय का पिकवतोय?"

मी म्हटलं, "काकू, आत बसू."

आत उबदार कोपऱ्यात गोधडीखाली एक झाकणाचं पितळी भांडं होतं. घरचा माणूस दूर असला की त्याच्या वाटचा भात तसा झाकून ठेवतात, ते तुम्हाला माहीत आहे. तिने ते रोज ठेवलं होतं. मला पाहून थोडं बाजूला सरकवलं, बाळाला ऊब मिळावी म्हणून.

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, छपर, माझी दोन्ही पत्रं, त्याने फिरवलेला जबाब. काहीही गाळलं नाही. मला वाटलं होतं ती मला मारेल. मी बाळाला आधीच खाली ठेवलं होतं.

ती मारायला उठली नाही. म्हणाली, "मेला मूर्खच होता. दुसऱ्याच्या पोराचा फार पुळका." मग विचारलं, "कुणी मारला? तुझ्या दिराने?"

"ते लिहिलं नाही."

"कुठे पुरला?"

"तेही नाही."

"कोणत्या दिवशी?"

मी म्हटलं, "काकू, चौथ्या महिन्यात, एवढंच कळतं. मला माफ..."

"थांब," ती म्हणाली. "माफीचं माझ्याकडे काही मागू नकोस. ते माझ्यापाशी नाही, आणि असतं तरी दिलं नसतं. तू मला दिवस आणून दे. त्याला मुलगा नाही, भाऊ नाही. वर्षातून एकदा त्याच्यापुढे भात ठेवणारी मीच. पण कोणत्या दिवशी ठेवू?"

मी म्हटलं, तिथी कळत नसेल तर घरातून निघाल्याचा दिवस धरतात. तिने माझ्याकडे वर पाहिलं. म्हणाली, "मीठवाल्याची बायको आहे मी. तीस वर्षं तो दर महिन्याला घरातून निघत होता. शेवटचं कधी निघाला ते मी कशाला लक्षात ठेवू? परत येणारच होता ना."

मग तिने गोधडी उचलून त्या भांड्यावर नीट घातली. म्हणाली, दिवस कळेपर्यंत हे असंच राहणार. मेलेल्याचं पान मांडता येत नाही आणि जिवंताचा भात उचलता येत नाही. निघताना बाळाच्या हातात तिने दोन सोयाबीनचे दाणे दिले, मग गिळेल म्हणून परत काढून घेतले. मला मात्र फाटकापर्यंत पोचवायला आली नाही.

भाऊजी, तुमची माफी मला नको. मुलगा इथे आहे, त्याला मी वाढवीन. तो मोठा झाला की त्याला हे सगळं सांगेन आणि तुमची चार ओळींची चिठ्ठीही दाखवीन, कारण ती मी जाळलेली नाही.

मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. गोळी कुणी झाडली ते लिहू नका. त्याने शेवटी काय म्हटलं तेही नको. तुम्ही तिथे होतात की नव्हतात, ते तुमच्यापाशी ठेवा. हवापाणीसुद्धा विचारू नका. कोऱ्या कागदावर फक्त तिथी लिहा आणि पाठवा. मी तो कागद दारातच, हातात पडल्या पडल्या उघडेन.

किल्जूवाली